कोपऱ्यातला नंबर

ताई चपला न काढताच आत आली, तेव्हाच वहिनीने ओळखलं की आज चहा एकदा करून भागणार नाही.

रविवार होता. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, बॅनर छापायचं मशीन चादरीखाली झाकलेलं. शाईचा वास मात्र सुट्टी घेत नसे. दुकानामागच्या या खोलीतच जमायचं, ही घराची जुनी रीत. दोघा भावांच्या वाटण्या इथे झाल्या, धाकट्याचं लग्न मोडता मोडता इथे जुळलं, आणि हात कापायला लागल्यावर नानांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून कायमचा ठेवला तोही इथेच. वरच्या मजल्यावर गाद्यांच्या खुर्च्या होत्या, पण भांडायचं झालं की सगळ्यांचे पाय आपोआप खाली वळत.

वहिनीला घरात सगळेच वहिनी म्हणत. धाकट्या दिराची आणि नणंदेची ती वहिनी होतीच, पण तिचा नवराही कधीकधी चारचौघांत "वहिनीला विचारा" म्हणून जाई आणि कुणी हसलं की त्यालाच राग येई. फक्त नाना तिला सूनबाई म्हणत. घरातलं कुठलंही भांडण शेवटी तिच्या स्वयंपाकघरातून जाई, आणि आता तिला त्याचा मनापासून कंटाळा आला होता. भांडणाचाही आणि आपल्या शहाणपणाचाही.

"अंधार पडायच्या आत तो नंबर गेला पाहिजे," ताई खुर्चीत बसत म्हणाली. "नाहीतर माझं काही खरं नाही."

ताई पालिकेत कारकून होती. इतकी वर्षं हंगामी राहून आता कुठे तिच्या कायम होण्याचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला होता. आणि नेमकं शुक्रवारी तिच्या विभागप्रमुखांनी तिला आत बोलावून, दार लोटून, आपला फोन तिच्यापुढे धरला. फोनवर एक चित्रांची भिंत होती. भिंतीवर पालिकेचं प्रसूतिगृह होतं, त्याच्यावर पाटी होती, आणि पाटीच्या कोपऱ्यात तिच्या माहेरच्या दुकानाचा नंबर होता.

ही भिंत इंटरनेटवरची. तिथे कुणीही जावं आणि एक चौकोन रंगवावा, हवा त्या रंगाचा. मग पाचेक मिनिटं गप्प बसावं, मग दुसरा. एकट्यादुकट्याचं तिथे काही चालत नसे, कारण तुम्ही गप्प बसलात तेवढ्यात दुसरा येऊन तुमच्यावर रंग लावून जाई. म्हणून माणसं जथ्याने येत आणि वाटून घेऊन काम करत. कुणी मांजर काढत होतं, कुणी झेंडे, कुणी पुढाऱ्यांना शिंगं. नाव कुणीच सांगत नसे, आणि सांगत नसे म्हणूनच माणसं तिथे मनातलं काढत. गावातल्या पोरांनी तिथे प्रसूतिगृह काढलं होतं. वहिनीची लेक ठकी कॉलेजात होती, तीही त्यांच्यात होती.

प्रसूतिगृह पालिकेला बंद करायचं होतं. जागा मोक्याची होती, एवढं कारण पुरेसं होतं. रुग्ण येत नाहीत असं सांगायचं ठरलं आणि मग त्यासाठी आधी दारावरची पाटी उतरवली. एक नर्सबाई आणि दोन खाटा मागच्या दाराने अजून चालत होत्या, पण पाटी नाही म्हटल्यावर नव्या बाईला कळणार कसं? पोरांनी चित्रातही पाटीची जागा मोकळी सोडली होती, पांढरी. निषेध म्हणून.

ती मोकळी जागा नानांनी ठकीच्या फोनमध्ये पाहिली. ती पाटी त्यांनीच रंगवलेली होती, तरुणपणी, शिडीवर उभं राहून.

"पाटी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"काढली ना आजोबा, म्हणून तर हे."

"दवाखाना आहे आणि पाटी नाही, हे कसं चालेल?"

नानांचं सगळं राजकारण एवढंच. पण त्यांच्या लक्षात आलं की या भिंतीवर हात कापला तरी बिघडत नाही. बोट काचेवर कितीही थरथरलं तरी टेकलं की चौकोन उमटे तो सरळ, कडा धरून, ओघळ नाही की डाग नाही. ठकीने चित्र मोठं करून दिलं आणि म्हातारा कामाला लागला. सकाळी एक चौकोन, घोटभर चहा, दुसरा चौकोन. कितीतरी दिवसांनी घरातलं कुणी त्यांना काम करताना बघत होतं. 'प्रसूतिगृह. चोवीस तास चालू.' जुन्या पाटीवर होतं तेच, तसंच, त्याच वळणाचं. त्यांनी घोषणा लिहिलीच नव्हती. भिंतीवरच्या लोकांना मात्र ती घोषणा वाटली आणि कुठकुठली अनोळखी माणसं त्या पाटीची राखण करायला लागली.

यात वहिनीचा हात किती, हे अजून ताईला माहीत नव्हतं. या घरात पुरुष अक्षराची रेघ मारत आणि बायका आतला रंग भरत. सासूने आयुष्यभर भरला, मग वहिनीने, बॅनरचं मशीन येईपर्यंत. पाटीवर नाव मात्र दुकानाचं, म्हणजे नानांचं. आताही नाना कडेचे चौकोन लावून दमले की फोन तिच्यापुढे धरत आणि म्हणत, सूनबाई, भर. मग ती कुकरची शिट्टी होईपर्यंत एक, दूध उतू जायच्या आत एक, असं करून भरी. अर्धीअधिक पाटी तिच्या बोटाची होती. मनातून तिला त्याचं बरंही वाटे.

आणि पाटी पुरी झाल्यावर नानांनी, कुठलाही पेंटर करतो तसं, खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पेंटर' लिहिलं आणि पुढे दुकानाचा नंबर टाकला. जिथे माणसं नाव लपवायला जातात तिथे हा माणूस स्वतःचा नंबर देऊन आला. वहिनीने त्यातही रंग भरला. हे आपल्याला एकदाही खटकलं कसं नाही, हे शुक्रवारी ताईचा फोन आल्यापासून तिला छळत होतं. पाटी आहे तर कोपऱ्यात नंबर असणारच, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग फोन यायला लागले. काही टवाळ असत, जुळी झाली तर सूट आहे का विचारणारे. पण काही फोन खरे होते. परवा एक बाई धापा टाकत विचारत होती की तिथे सध्या घेतात का. वहिनीने तिला मागच्या दाराची वाट सांगितली आणि नर्सबाईंचं नाव सांगितलं.

ताईने विभागप्रमुखांचा निरोप सांगितला. माणूस वाईट नव्हता. मोठे साहेब दौऱ्यावरून उद्या येणार, भिंत स्वतः उघडून बघणार आणि कोपऱ्यातला नंबर लावून बघणार. तोवर नंबर गेला असेल तर मी काही पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले होते. आणि ती भिंत आज दिवस मावळताना बंद होणार होती. त्यानंतर एकही चौकोन हलणार नव्हता, चित्र जसं असेल तसं कायमचं राहणार होतं.

"मग पुसा ना, त्यात एवढं काय," थोरला म्हणाला. थोरला म्हणजे वहिनीचा नवरा, दुकान आता त्याच्याच नावावर. "नंबरच कशाला, सगळी पाटीच पुसा. पालिकेचे बॅनर आपल्याकडेच छापतात, विसरलात काय सगळे?"

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. तो परगावी राही आणि मुद्दाम गाडी करून आला होता. तो म्हणाला की पुसणं म्हणजे शेपूट घालणं; लोक आज पहिल्यांदा बोलतायत आणि आपण आपल्याच बापाचं तोंड बंद करणार का. बोलला चांगलं. तो नेहमीच चांगलं बोले. रोज इंटरनेटवर पालिकेची सालटी काढी आणि शेकडो माणसं त्याला दाद देत. ठकी काकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तू लिहितोस ते कुठल्या नावाने?" ताईने विचारलं.

धाकट्याने लिहायला एक टोपणनाव घेतलं होतं आणि ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

"दुकानाऐवजी तुझा नंबर टाकू का तिथे? मी काही बोलणार नाही मग."

त्याने खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. मग म्हणाला की तत्त्व पाटीचं आहे, नंबरचं नाही. नंबर पुसायला त्याची हरकत नाही, पाटी मात्र राहिली पाहिजे. ठकीने काकाकडे असं पाहिलं की वहिनीलाच त्याची दया आली. पोरगी हळूच त्याच्यापासून सरकली आणि आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

थोरला पुन्हा म्हणाला, पाटीच पुसा, पीडा जाईल. आणि आता ताईच त्याच्यावर उलटली.

"पाटीला हात लावायचा नाही, दादा. माझी दोन्ही पोरं तिथली आहेत. वहिनीची ठकी तिथलीच. ती झाली त्या दिवशी तू कुठे होतास ते बोलायला लावू नकोस."

त्या दिवशी थोरला कुठे होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. वहिनी चहाचे कप गोळा करू लागली. एकाच दुपारी सगळ्यांनी इतक्यांदा बाजू बदलल्या होत्या की कोण कुणाकडून आहे हे लक्षात ठेवण्याचाही तिला शीण आला होता. नानांना मात्र अजून कुणी काही विचारलं नव्हतं. ते मशीनशेजारच्या खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसले होते, थरथर दिसू नये म्हणून.

"नाना, तुम्ही काय म्हणता?" तिने विचारलं.

"कोपऱ्यात नंबर नसेल तर पाटी बेवारशी," नाना म्हणाले. "रात्री येऊन चोरून लावल्यासारखी. मी अशी पाटी कधी लावली नाही." मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "पण पुसा."

मग सगळं घर पुसायला बसलं. थोरला, धाकटा, ताई, ठकी, वहिनी, ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा फोन. प्रत्येकाने एकेक आकडा वाटून घेतला. एक पांढरा चौकोन लावायचा आणि पाच मिनिटं एकमेकांची तोंडं बघायची. तेवढ्या वेळात थोरला मशीनची चादर नीट करी आणि धाकटा पंखा कमीजास्त करी. ताई नाकावर चष्मा आणून, कचेरीतल्या कागदावर शिक्के मारावेत तशी मन लावून पुसत होती.

आणि त्यांनी पुसलेलं परत येत होतं. पाच जणांनी पाच चौकोन पांढरे करावेत आणि पाच मिनिटं संपायच्या आत कुणीतरी ते पुन्हा काळे केलेले असावेत. भिंतीवरच्या राखणदारांना वाटलं, पालिकेची माणसं पाटी मोडायला आली. ते धावून आले. ठकीने त्यांच्या गटात लिहिलं की मी पाटीवाल्यांच्या घरातली आहे, नंबर राहू द्या पुसलेला, आमची अडचण आहे. उत्तर आलं, असं तर पालिकेवालेही म्हणतील. दुसऱ्या कुणी लिहिलं की त्या नंबरवर त्याच्या बहिणीने फोन केला होता आणि एका बाईने तिला मागचं दार सांगितलं, तो नंबर आम्ही जाऊ देणार नाही. ठकीने ते मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं.

"तू बोललीस त्यांच्याशी?" ताई म्हणाली.

"फोन वाजला तर उचलायचा नाही का?" वहिनी म्हणाली. आणि तोंड उघडलंच आहे तर सांगून मोकळं व्हावं, म्हणून पुढे म्हणाली, "रंगही मीच भरलाय, ताई. पाटीत आणि नंबरातही."

ताईला रागावायचं होतं, पण राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. तिने मान हलवली आणि पुन्हा फोनमध्ये पाहिलं. तिने दुपारभर पुसलेला आकडा तिच्या डोळ्यांदेखत कुणीतरी पुन्हा काढत होतं, कुठल्या गावचा कोण, आणि तो काही केल्या दमत नव्हता.

उजेड उतरायला लागला. शटरखालून येणारी उन्हाची पट्टी मशीनच्या पायापाशी आली आणि पुसट झाली. थोरल्याने हात टेकले. धाकट्याने फोन खिशात घातला. ताई अजून पुसत होती, पण आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते लपवतही नव्हती.

"थांबा," ठकी म्हणाली. "हे बघा. शेवटून तिसरा. त्यांनी तीनचा दोन केलाय."

घाईत कुणीतरी परत काढताना चुकलं होतं. खालची शेपटी काढायची राहूनच गेली होती. थोरल्याने तो नंबर जसाच्या तसा लावून पाहिला आणि फोन कानाशी धरला. असा नंबरच नाही, असं सांगणारी ध्वनिफीत वाजत होती. तो खुर्चीत मागे रेलला आणि हसला, दुपारपासून पहिल्यांदा. साहेबांनी लावला तर त्यांनाही हेच ऐकू येणार. पेंटर तर गावात वाटेल तितके होते, आणि अक्षराच्या वळणावरून माणूस ओळखणारं कुणी आता पालिकेत उरलं नव्हतं. काहीच करायचं नव्हतं, हात बांधून बसायचं होतं, तेवढ्यात भिंत बंद होणार होती. ताईने चष्मा काढून डोळे पुसले आणि पाठ खुर्चीला टेकली.

"बघू," नाना म्हणाले.

ठकीने त्यांना त्यांचा फोन दिला. नानांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. एकदा एका डॉक्टरांच्या पाटीवर त्यांच्या हातून वेळ चुकीची लिहिली गेली होती. कुणाच्याही लक्षात आलेली नसताना भर उन्हात खांद्यावर शिडी घेऊन ते परत गेले होते आणि ती पाटी खरवडून पहिल्यापासून केली होती. सासूबाई ती गोष्ट कौतुकाने सांगत आणि सांगताना कपाळाला हातही लावत.

"हा दोन झालाय," नाना म्हणाले.

"हो नाना. राहू दे," थोरला म्हणाला.

"अरे, माणसं लावतील ना नंबर. लागणार नाही."

तेच तर हवंय, असं कुणालाच म्हणवेना. दोन चौकोनांचं काम होतं, दोनाखाली शेपटी आली की तीन. नानांनी हात मांडीखालून काढला. बोट काचेवर बराच वेळ इकडेतिकडे हललं आणि टेकलं. पहिला चौकोन बसला. आकडा आता धड दोन नव्हता की धड तीन नव्हता. नानांची पाळी संपली होती. त्यांनी वहिनीकडे पाहिलं.

"सूनबाई, भर."

तिच्या हातातल्या फोनवर तिची पाळी आलेली होती. ती लग्न होऊन आली तेव्हापासून नानांनी रेघ मारून दिली आणि तिने भरली नाही असं एकदाही झालं नव्हतं. ती चौकोन नीट लावते की नाही एवढंच बघायचं असल्यासारखे नाना थांबले होते. भरला तर तीन होणार, आणि धापा टाकणाऱ्या कुठल्याशा बाईला उद्याही मागचं दार सापडणार. आणि ताईचा कागद साहेबांच्या टेबलावरून तसाच परत येणार.

तिने ताईकडे पाहिलं. ताई उठली नाही, हात जोडले नाहीत.

"तुला वाटेल ते कर वहिनी," ती म्हणाली. "मी आता खरंच दमले."

वहिनीने फोन मांडीवर ठेवला.

"नाही नाना. मी नाही भरणार."

तिला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला नाही. नाना तिच्याकडे बघत राहिले. ते रागावतील असं तिला वाटलं, आणि रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. पण त्यांची नजर तिच्यावरून ताईकडे गेली आणि तिथेच थांबली. शाळेतून आल्या आल्या पाटीजवळ येऊन बसणारी, रंगाच्या डब्यात बोट घालून मार खाणारी त्यांची ही एकुलती लेक, केस पांढरे झालेले, अजून हंगामी.

"बरं," नाना म्हणाले. त्यांनी हात पुन्हा मांडीखाली घातले. "मग दोन तरी नीट कर. अर्धवट ठेवू नको."

वहिनीने त्यांनी लावलेल्या त्या एका चौकोनावर बोट ठेवलं आणि तो पांढरा केला. दोन स्वच्छ दोन झाला. थोड्या वेळाने ठकी म्हणाली की भिंत बंद झाली. ताई तोंडावर पदर धरून रडत होती, आणि वहिनी उठून तिच्याजवळ गेली नाही, कारण तिच्यातही आता त्राण नव्हतं.

"आकडे वाचून दाखव," नाना म्हणाले.

वहिनीने नंबर पहिल्यापासून वाचला. शेवटून तिसऱ्या आकड्यापाशी ती अडखळली, तशी नानांनी डोळे मिटले आणि तिच्यासाठी तो आकडा स्वतःच म्हटला. दोन.